एका सुराचं गाणं

मुलांनो, आज एक कोडं घालते. पेटीवर फक्त सा वाजवायचा. रे नाही, ग नाही, दुसरं काही म्हणजे काही नाही. आणि तरी ऐकणाऱ्याला कंटाळा येता कामा नये. जमेल?

"ह्या! त्यात काय वाजवायचं?" असंच म्हणणार ना तुम्ही?

हंगेरीतल्या एका संगीतकाराने हे कोडं स्वतःच स्वतःला घातलं होतं. त्यांचं नाव ग्यॉर्गी लिगेती. जन्म १९२३ चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ नाझींच्या छळछावण्यांत गेले. लिगेती कसेबसे वाचले आणि पुढे बुडापेस्टला संगीत शिकवू लागले. पण तिथलं सरकार तेव्हा स्टालिनच्या इशाऱ्यावर चालायचं. संगीत कसं असावं हेसुद्धा सरकारच ठरवी! सोपं हवं, आनंदी हवं, लोकगीतांच्या वळणाचं हवं. कानाला नवं, खटकणारं काही लिहिलं तर ते वाजणारच नाही. मग लिगेती काय करत? मनातलं संगीत घरी लिहीत आणि टेबलाच्या खणात ठेवून देत.

त्या खणात १९५१ ते १९५३ या काळात ११ रचना जमल्या. सगळ्या एकट्या पियानोसाठी. 'म्युझिका रिचेरकाता' हे त्यांचं नाव. म्हणजे शोधून काढलेलं संगीत, असं म्हणू या.

आता गंमत ऐका. पहिल्या रचनेत जवळजवळ शेवटपर्यंत एकच सूर आहे, आपली पेटीवाली मंडळी ज्याला पांढरी सहा म्हणतात तो. पियानोला ८८ पट्ट्या असतात, त्यांत हा सूर आठ ठिकाणी सापडतो, अगदी खर्जापासून चिमणीच्या आवाजापर्यंत. एकच सूर, पण कधी जाड, कधी बारीक, कधी हळू, कधी धावत सुटलेला. सगळा खेळ लयीचा! आणि अगदी शेवटी दुसरा सूर येतो, पांढरी दोन. तो आला, की कान म्हणतो, "हं, आता घरी पोचलो!" इतका वेळ आपण ज्याला सा समजत होतो, तो तर प निघाला! खरा सा हा आत्ता आला. (पेटी असेल तर आत्ताच वाजवून बघा. वाचून नाही कळायचं.)

दुसऱ्या रचनेत तीन सूर. पांढरी चार, काळी तीन आणि पांढरी पाच. तिघेही अगदी शेजारी. पहिले दोघं बराच वेळ कुरकुरत राहतात आणि तिसरा येतो तो खिळा ठोकावा तसा. मला विचाराल तर सगळ्यांत भेदक रचना हीच. तिसरीत चार सूर, चौथीत पाच, असं करत अकराव्या रचनेत सप्तकातले बाराच्या बारा सूर हजर. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, तेच आपले बारा! मधे नववी रचना बेला बार्टोक या थोर हंगेरियन संगीतकाराच्या स्मृतीसाठी आहे. तिच्यात घंटा वाजल्याचा भास होतो.

यातल्या सहा रचना लिगेतींनी पाच फुंकवाद्यांसाठी पुन्हा लिहिल्या. १९५६ मध्ये त्या बुडापेस्टला वाजल्या, पण पाचच. सहावी वगळली. तिच्यात खटकणारे सूर फार होते म्हणे!

त्याच वर्षी हंगेरीत लोकांनी उठाव केला आणि रशियन रणगाड्यांनी तो चिरडला. डिसेंबरमध्ये लिगेती आणि त्यांची जोडीदार रेल्वेत टपालाच्या पोत्यांखाली लपून सीमेकडे निघाले आणि ऑस्ट्रियात पोचले. पुढे ते जगप्रसिद्ध झाले. २००६ मध्ये वारले.

आणि खणातल्या त्या ११ रचना? त्या सगळ्या एकत्र पहिल्यांदा वाजल्या त्या १९६९ साली, स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावात. लिहून झाल्यावर १६ वर्षांनी.