ट्रंकेत सापडलेल्या जुन्या नोटा-नाण्यांचं काय करायचं? जळगाव-धुळ्यातली बँक काय घेते, काय नाही

दिवाळीची साफसफाई, जुन्या घराची पाडापाडी किंवा घरातलं वडीलधारं माणूस जाणं. खान्देशात जुने पैसे बहुधा अशाच वेळी बाहेर येतात. धान्याच्या कोठीतली पुरचुंडी, ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली राहिलेली 2000 ची नोट, देव्हाऱ्यातल्या डबीत राणीछाप रुपया. मग कोणीतरी हे सगळं पिशवीत घालून गावातली बँक गाठतं. कॅशियर त्यातलं काही घेतो, काही परत सरकवतो. आणि त्याच दिवशी मोबाइलवर जाहिरात दिसते: ट्रॅक्टरचं चित्र असलेली 5 रुपयांची नोट द्या, लाखो रुपये मिळवा.

बँक 5 रुपये देते आणि जाहिरात लाखो. ही तफावत कुठून येते, हे समजलं की फसवणूक कशी होते तेही समजतं.

बँकेला फक्त छापलेली किंमत दिसते

नोट किंवा नाणं किती जुनं आहे, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. ते अजून वैध चलन आहे का, एवढंच ती पाहते. ट्रॅक्टरची 5 ची नोट वैध आहे, तिचे 5 रुपये मिळतात. 50 पैशांचं नाणंही वैध आहे, दुकानदार घेवो न घेवो. 25 पैसे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून चलनातून गेली. ती बँकेत नेऊन उपयोग नाही.

10 रुपयांच्या नाण्याबद्दलचा घोळ तर अनेक गावांत अजून मिटलेला नाही. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, अशी अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं होतं की तोपर्यंत या नाण्याचे 14 प्रकार निघाले होते आणि सगळे वैध आहेत.

नाणी भरायला गेलं की 'मोजायला माणूस नाही' हे उत्तर मिळतं, तेही नियमाला धरून नाही. एक हजार रुपयांपर्यंतचीच नाणी स्वीकारण्याचं बंधन आहे, पण ते दोन व्यक्तींमधल्या व्यवहारापुरतं. खात्यात नाणी भरायला अशी मर्यादा नाही. 1 आणि 2 रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत बांधून नेली तर काम सोपं होतं. तरीही नकार आला तर शाखेकडे लेखी तक्रार करायची आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं.

2000 च्या नोटेसाठी चारशे किलोमीटर

19 मे 2023 ला 2000 ची नोट मागे घेण्याची घोषणा झाली. बँकांमध्ये ती 7 ऑक्टोबर 2023 पर्यंत घेतली गेली. त्यानंतर फक्त रिझर्व्ह बँकेच्या 19 कार्यालयांत. महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे आहेत.

नकाशा पाहिला तर खान्देशची अडचण लगेच कळते. जळगाव हे मुंबई आणि नागपूरच्या जवळपास मध्यावर आहे, रेल्वेनं दोन्हीकडे चारशे किलोमीटरच्या वर. एक-दोन नोटा सापडलेल्या माणसाची मजुरी आणि प्रवासखर्च धरला तर हिशेब तोट्यात जातो. म्हणूनच 'निम्म्या किमतीत घेतो' म्हणणाऱ्याकडे लोक वळतात. त्याची गरज नाही. नोट टपालानं पाठवून रक्कम थेट खात्यात जमा करून घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं दिली आहे आणि ती कुठल्याही पोस्ट ऑफिसातून करता येते. ही माहिती बँकेच्या शाखेतच मोठ्या अक्षरात लावायला हवी होती.

जुन्या 500 आणि 1000 च्या नोटांची गोष्ट वेगळी. त्या 8 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्रीपासून बाद झाल्या आणि आता कुठेच बदलून मिळत नाहीत. इथे बँकाही सुटल्या नाहीत. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे सुमारे 112 कोटींच्या जुन्या नोटा पडून राहिल्या. शेजारच्या नाशिक जिल्हा बँकेच्या त्यात 21 कोटींच्या वर होत्या. 2018 मध्ये या नोटा तोटा म्हणून दाखवण्याची सूचना या बँकांना मिळाली. जिथे बँकेलाच दाद मिळाली नाही, तिथे ट्रंकेतल्या चार नोटांचं काय होणार?

शिवाय 2017 च्या कायद्यानुसार अशा 10 पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा 25 नोटांची आहे. दंड किमान 10 हजार रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो.

मग बँकेतून जुनी नोट मिळते का?

संग्राहक मंडळी ओळखीच्या कॅशियरकडे जुन्या नोटांची चौकशी करतात. पण बँकेची यंत्रणा उलट दिशेनं चालते. जमा झालेल्या नोटांतून मळक्या, फाटक्या बाजूला काढायच्या, करन्सी चेस्टमार्फत रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या, तिथे त्या नष्ट होतात. 100 आणि त्यावरच्या नोटा तर यंत्रावर तपासल्याशिवाय पुन्हा द्यायच्या नाहीत, असा नियम आहे. 2005 पूर्वीच्या, म्हणजे मागच्या बाजूला खाली छपाईचं वर्ष नसलेल्या नोटाही बँका परत वाटत नाहीत. थोडक्यात, बँकेच्या खिडकीतून जुनी नोट आत जाते, बाहेर सहसा येत नाही. नाण्यांच्या पिशवीत मात्र एखादं जुनं स्मारक नाणं निघू शकतं.

जास्त किंमत कशाला मिळते?

पहिली गोष्ट धातू. सातपुड्यातल्या आदिवासी स्त्रियांच्या गळ्यातल्या माळांत दिसणारा ब्रिटिशकालीन रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असतो. 1939 पर्यंतच्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी आहे. 1940 ते 1945 च्या रुपयात ती निम्म्यावर आली, आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे. जळगावच्या सराफ बाजारात नाणं मोडण्याआधी साल वाचायला हवं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट दुर्मिळता. सहाव्या जॉर्जचा 1938 चा रुपया सहज मिळतो, 1939 चा क्वचितच. म्हणून त्याला संग्राहक चांदीच्या कितीतरी पट मोजतात, आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते. ट्रॅक्टरची 5 ची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं या अर्थानं दुर्मिळ नाही. ती लाखोंनी काढलेली आहेत.

नाणी वाड्याच्या भिंतीत किंवा शेतात पुरलेली सापडली तर प्रकरण बँकेचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कळवणं बंधनकारक आहे (ही 10 रुपयांची मर्यादा ब्रिटिश काळातली). कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फसवणूक कशी चालते

जाहिरातीवर फोटो पाठवला की काही मिनिटांत 'तुमचं नाणं पसंत पडलं' असा फोन येतो. मग नोंदणीचे काही शे रुपये, नंतर जीएसटी, नंतर 'रिझर्व्ह बँकेची मंजुरी'. सोबत बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र. प्रत्येक हप्ता मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा गिऱ्हाईक आठवडी बाजारात कोणी उभा करून घेणार नाही, पण फोनवर तो खपतो.

4 ऑगस्ट 2021 च्या निवेदनात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की ती जुन्या नोटा-नाण्यांचा असा व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क मागत नाही आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही. परदेशी गिऱ्हाइकाचं आमिषही तपासून घ्यावं, कारण 100 वर्षांहून जुनं नाणं सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

पैसे गेलेच तर लाज बाळगून गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते.