कर्जमाफीची वाट बघताना

नामपूर, करंजाड, जायखेडा, ताहाराबाद आणि अख्ख्या मोसम खोऱ्यातल्या भावांनो, बहिणींनो, हे लिहितोय ते सरकारची किंवा बँकेची बाजू घेण्यासाठी नाही. आधीच सांगून टाकतो, कारण कर्जाचं काही बोललं की "हा वसुलीवाल्यांचा माणूस" असा शिक्का लगेच बसतो. सरकारवर चिडायची कारणं आपल्याकडे भरपूर आहेत. ती खोटी आहेत असं मी म्हणणार नाही.

कांद्याचंच बघा. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी झाली, ती मार्च 2020 मध्ये उठली. जून 2020 मध्ये दिल्लीने वटहुकूम काढला, कांदा आवश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळा केला म्हणून गाजावाजा झाला, आणि तीनच महिन्यांत, 14 सप्टेंबरला, पुन्हा निर्यातबंदी. मग ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य, डिसेंबरमध्ये सरसकट बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क मानेवर ठेवूनच. विधानसभेच्या तोंडावर सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क निम्मं झालं, आणि उरलेलं 20 टक्के 1 एप्रिल 2025 पासून सुटलं. तोवर किती हंगाम हातचे गेले, ते ज्याचं त्याला ठाऊक. आधीचं सरकारही काही वेगळं नव्हतं. डिसेंबर 2010 ची निर्यातबंदी जुन्या लोकांना आठवत असेल. शहरात कांदा महागला की कोणत्याही रंगाचं सरकार आपल्या चाळीकडे बघतं. 2024 च्या लोकसभेला शेजारच्या दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या, तेव्हा हा राग मतपेटीतूनही दिसला. तो तसाच दिसत राहावा.

पण या रागाच्या भरात आपण घरचा हिशेब चुकवतो. माझं सगळं म्हणणं त्याबद्दल आहे.

गावात सध्या एक वाक्य फार ऐकू येतं: "कर्जमाफी होणारच आहे, कशाला भरायचं?" 2024 च्या निवडणुकीत आश्वासन दिलं गेलं. मार्च 2025 अखेर तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत सांगितलं, 31 मार्चपूर्वी पीककर्ज भरून टाका. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा सरकारने 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं जाहीर केलं. या सगळ्यात शेतकऱ्याने काय समजायचं? चिडणं साहजिक आहे. पण मागच्या दोन कर्जमाफ्या नीट आठवा. 2017 मध्ये मर्यादा दीड लाखाची होती; वरची रक्कम आधी भरा, मग लाभ, अशी अट होती. डिसेंबर 2019 च्या महात्मा फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा होती आणि ती मुद्दल अधिक व्याज मिळून. ज्याची मुद्दल एक लाख ऐंशी हजार होती आणि व्याज चढत चढत आकडा दोन लाखांच्या पुढे गेला, तो बाहेर राहिला. माफीची वाट बघण्यानेच माफी हुकली. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळायचं होतं, तेही खात्यावर यायला काही वर्षं गेली.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर्जमाफी आली तरी ती प्रामुख्याने पीककर्जाची असते. सावकाराचे, फायनान्सवाल्यांचे, सोनं गहाण ठेवून उचललेले, मोटारसायकलचे, कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे पैसे अशा माफीत सहसा बसत नाहीत. आणि आपल्या घरांना पोखरतंय ते हेच. सोसायटीचं कर्ज हे आपल्या घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. सगळी चर्चा आपण या स्वस्त कर्जाची करतो आणि महागड्या कर्जाबद्दल घरातसुद्धा बोलत नाही.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर एवढं करा. वही घ्या, नवरा-बायको दोघं बसा, मोठी मुलं असतील तर त्यांनाही बसवा. कुणाचे किती देणे आहे ते लिहा आणि प्रत्येकासमोर वर्षाचं व्याज लिहा. शेकडा दोन म्हणजे वर्षाला 24 टक्के. शेकडा पाच म्हणजे 60. महिन्याच्या भाषेत व्याज लहान दिसतं, म्हणूनच ते महिन्याच्या भाषेत सांगितलं जातं. "फ्लॅट बारा टक्के" म्हणणाऱ्याचंही तसंच. एक लाख तीन वर्षांसाठी घेतले, व्याज 36 हजार, हप्ता साधारण 3,778 रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहतं, त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधन घातलं आहे की घरगुती कर्ज देताना सगळे खर्च धरून वर्षाचा दर दाखवणारं एक पत्रक, तुम्हाला कळेल अशा भाषेत, द्यायचं. ते मागा. देत नसेल तर सही करू नका.

यादी झाली की सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं. ऐकायला सोपं आहे, पण आपण नेमकं उलट करतो, कारण जो जास्त तगादा लावतो त्याला आधी पैसे जातात. आणि मार्चमध्ये तर कळस होतो. सोसायटीचं नवं-जुनं करण्यासाठी सावकाराकडून शेकडा पाचने उचल घ्यायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज हातात आलं की सावकाराला द्यायची. जिल्हा बँकेकडे पैसा मोकळा होता तेव्हा हे चार दिवसांत उरकायचं. नोटाबंदीनंतर नाशिक जिल्हा बँकेचं काय झालं ते तुम्ही भोगलं आहे. आता भरलेले पैसे फिरून केव्हा मिळतील याची शाश्वती नसेल, तर लाखाला महिना पाच हजार जातात. दोन महिने लांबलं तर दहा हजार. सोसायटीचं वर्षाचं व्याज वाचवायला गेलो आणि त्याहून जास्त सावकाराला देऊन आलो. नवं-जुनं करायचंच असेल तर गटसचिवाला आधी विचारा: नवीन कर्ज मंजूर आहे का, पैसे कधी पडतील? उत्तर गोलमोल आलं तर उसनवारी करू नका. थकबाकी दोन वर्षांची झाली असेल तर बँकेकडे सामोपचाराच्या योजनेची लेखी चौकशी करा; व्याजात सूट तिथेच मिळते, पुढाऱ्याच्या शब्दावर मिळत नाही.

उन्हाळ कांद्याबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण आपल्याकडचं निम्मं कर्ज चाळीत शिरतं. भाव नाही म्हणून कांदा भरून ठेवला, याला दोष नाही. पण कर्जाच्या पैशावर साठवलेल्या कांद्याचा हिशेब वेगळा असतो. समजा शंभर क्विंटल आहे आणि आज 1,500 रुपये भाव मिळतोय. दीड लाख आज हातात येऊ शकतात. चार महिने थांबलात, सड आणि घट मिळून पंचवीस क्विंटल गेला (पावसाळा ओला असेल तर याहून जास्त जातो), आणि डोक्यावर तेवढीच रक्कम शेकडा तीनने असेल तर व्याज अठरा हजार. म्हणजे उरलेल्या पंचाहत्तर क्विंटलला 2,240 रुपये मिळाले तेव्हा कुठे आजच्या दीड लाखाची बरोबरी होते. निवडाईची मजुरी आणि पुन्हा भरायचं भाडं मी धरलेलंच नाही. आता वरच्या तारखा परत वाचा. भाव चांगला चढला की दिल्लीचा हात कधी पडतो? ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर. आपण थांबून थांबून बरोबर त्याच महिन्यांवर जाऊन पोहोचतो. माझं मत असं की महागड्या कर्जापुरता कांदा काढणीलाच विकावा आणि जो बिनव्याजी राहील तोच चाळीत ठेवावा. त्यात सट्टा खेळायचा तर खेळा, तो तुमच्या पैशांचा आहे.

विकताना हिशेब पट्टी सांभाळा आणि पैसे त्याच दिवशी मागा. "पुढच्या आठवड्यात ये" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण बिनव्याजी कर्जच देत असतो. चेक परत आला तर त्याच दिवशी बाजार समितीत लेखी तक्रार द्या. समिती आपण निवडून देतो, तिचं हे कामच आहे.

आणि ज्या वर्षी कांदा चार हजारांवर जातो त्या वर्षी सगळ्यात सावध राहा. नवा ट्रॅक्टर, मोठी गाडी, लग्नात हजार पान, हे सगळं त्याच वर्षी सुचतं. तेलकट डाग डाळिंबावर येण्याआधी आपल्या तालुक्यात असाच पैसा आला होता. बंगले उभे राहिले, मग बागा उपटाव्या लागल्या आणि हप्ते मात्र उभेच राहिले. ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर हप्ता महिन्याचा घेऊ नका, सहामाही मागा, पैसा आपल्याकडे हंगामाला येतो. लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर किंवा किसान सन्मान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला येणाऱ्या बारा हजारांवर विसंबून मोबाइलचा नाहीतर फ्रिजचा हप्ता बांधू नका. यादीतून नाव कधी गळेल सांगता येत नाही, हप्ता मात्र गळत नाही.

ताई, गटाच्या फायनान्सबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. एकीचं कर्ज थकलं की बाकीच्यांनी भरायचं, म्हणून तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून उचलून पहिलीचा हप्ता भरता, मग तिसरी कंपनी येते. व्याज बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या पुढचं असतं. 1 एप्रिल 2022 पासूनचा नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही. हे मोडलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. उमेदच्या बचत गटाला बँकेकडून तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळतं. कागद जास्त लागतात, चकरा होतात, हे खरं. पण सात आणि चोवीस यांच्यातल्या फरकासाठी चार चकरा परवडतात.

मोबाइलवरच्या ॲपमधून पाच-दहा हजार उचलणाऱ्या पोरांनो, कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण हे ॲपवर लिहिलेलं नसेल तर ते पैसे घेऊच नका. फोनमधली नावं आणि फोटो उघडायची परवानगी मागणारं ॲप नियम मोडतंय. फसलात, फोटो पाठवून धमकी आली, तर आणखी पैसे भरू नका. 1930 वर फोन करा आणि घरी सांगा. बाप रागावेल, एवढंच होईल.

राहिला सावकार. 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यानंतर चार वर्षांनी इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज कागद जाळायची गरज नाही, कारण 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा बऱ्यापैकी कडक आहे आणि आपण तो वापरत नाही. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. व्याज मुद्दलीच्या वर वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कर्जापोटी "खरेदीखत करून दे, पैसे फिटले की परत लिहून देतो" म्हणत लिहून घेतलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, कलम 18 खाली परत मागता येते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाशिक यांच्याकडे करायचा. सुरुवात सटाण्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयातून करता येते. सोबत खरेदीखताची नक्कल, सातबारा, जुने फेरफार, सावकाराला दिलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी, चिठ्ठ्या, मोबाइलवरचे संदेश, जे असेल ते जोडा. आणि आजपासून सावकाराला रोख देणं बंद करा, खात्यातूनच द्या, म्हणजे पुढे दाखवायला काही राहील.

यादी केल्यावर आकडा बघून छाती दडपली, झोप लागेनाशी झाली, नको ते विचार येऊ लागले, तर 14416 वर फोन करा. ती मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. शेजारच्या घरातला भाऊ चार दिवस पारावर दिसला नाही तर त्याच्याकडे जाऊन या. किती देणं आहे ते विचारू नका. चहा घ्या, आणि त्याने काढलीच वही तर बेरीज करायला त्याच्यासोबत बसा.