दोन तुकड्यांचे पाते आणि आपले कारागीर

यवतमाळ जिल्ह्यात साताऱ्याच्या वनकुसवड्यासारख्या किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलसारख्या पवनचक्क्यांच्या रांगा नाहीत. तरीही यवतमाळ, पुसद, उमरखेडच्या गॅरेज व फॅब्रिकेशनवाल्या वाचकांनी हा विषय नीट पाहावा, असे आम्हांस वाटते.

पाती लांबत चालली आहेत. सुझलॉनच्या एस-१४४ यंत्राच्या चक्राचा व्यास १४४ मीटर, म्हणजे एक पाते सुमारे ७० मीटरचे. ते अखंड न्यायचे तर घाटातली वळणे रुंद करा, तारा उचला, रस्ता अडवा. भाडे वाढते ते निराळेच. यावर तोड म्हणून परदेशात पाते दोन तुकड्यांत करू लागले. स्पेनच्या गमेसा कंपनीने जी-१२८ यंत्राचे ६२.५ मीटरचे पाते दोन भागांत नेऊन जागेवर बोल्टने जोडले. पुढे जीईनेही सायप्रेस यंत्राला दोन तुकड्यांचे पाते दिले.

खरी मेख जोडात आहे. काचतंतू आणि राळेच्या अंगात धातूचे बोल्ट बसवायचे, म्हणजे वजन वाढते. जोड बुडाकडे घेतला तर त्यावर ताण जास्त. टोकाकडे सरकवला तर ताण कमी, पण मागचा तुकडा पुन्हा लांबच राहतो. वीज पडली तर ती जोडातून सुरक्षित खाली उतरली पाहिजे. राळेने चिकटवावे म्हटले तर उघड्या माळावर धूळ आणि दमट हवा आड येते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर राळ हाताशी असतानाच घट्ट होऊ लागते. कूलरच्या फायबर बॉड्या करणाऱ्या कोणाही उस्तादाला विचारा. म्हणून माळावर बोल्टचा जोड सोयीचा. मात्र प्रत्येक बोल्ट ठरल्या ताणानेच आवळावा लागतो आणि यंत्र चालू झाल्यावर पुन्हा तपासावा लागतो. येथे अंदाजपंचे चालत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की फायबर आणि पाना, दोन्ही हुन्नर आपल्या पोरांच्या हाती आधीच आहेत. नाही तो कागद. आयटीआयमध्ये फायबरच्या कामाचा आणि बोल्ट ताणण्याच्या यंत्राचा छोटा अभ्यासक्रम निघाला, तर ही पोरे सातारा-धुळ्याला हमाल म्हणून न जाता जोडारी म्हणून जातील. दुरुस्तीचे काम तर अखंड पात्यांनाही लागतेच. पहिल्या तुकडीचा खर्च मात्र कोणी तरी उचलावा लागेल, आणि त्यासाठी यवतमाळच्या व्यापारी मंडळींचे दार आम्ही आधी ठोठावणार आहोत.