खरखर म्हणजे मळ नव्हे



वर्षावासातील ग्रंथवाचन संपल्यावर आमच्या विहारात महिला मंडळाच्या गप्पा बराच वेळ रंगतात. मागे एकदा अशाच गप्पा चालू असताना वस्तीतील एका वहिनींनी मला बाजूला बोलावले. सोबत त्यांची दहावीतली मुलगी होती. "ताई, हिच्या दंडाचा मळच निघत नाही हो. रोज वजरीने घासते, तरी हात किसणीसारखा तो किसणीसारखाच," असे म्हणून त्यांनी मुलीची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला मोहरीएवढे बारीक बारीक पुरळ होते आणि त्यांच्या मधून वजरीचे लाल ओरखडे. काही ठिकाणी साल निघाली होती. मुलगी मान खाली घालून उभी. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचात घेतले होते, पण पोशाख अर्ध्या बाह्यांचा म्हणून तिने नाव काढून घेतले, हे नंतर कळले. वर्गातली एक मुलगी तिच्या शेजारून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती, "मला होईल" म्हणून.

मी बी.कॉम. झालेली कारकून बाई, डॉक्टर नव्हे. म्हणून पुढच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघींना घेऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. केसपेपर काढून दोन तास बसलो. डॉक्टर बाईंनी मुलीचा हात पाहिला, मांड्या पाहिल्या, आणि मग आईला म्हणाल्या, "ताई, तुमचा दंड दाखवा पाहू." वहिनी संकोचल्या. पदर सरकवून बाही वर केली, तर त्यांच्याही दंडावर तीच खरखर, थोडी विरळ झालेली. स्वतःची त्वचा त्यांनी कधी निरखून पाहिलीच नव्हती.

या प्रकाराला वैद्यकीय भाषेत केराटोसिस पिलारिस म्हणतात. आपल्या कातडीत केराटीन नावाचे प्रथिन असते, नखे आणि केसही त्याचेच. काहींच्या कातडीत ते केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात साचते आणि तिथे बारीक बूच बसते. त्या बुचाचा टोकदार फुगवटा हाताला लागतो, तीच ही खरखर. दंडाची मागची बाजू, मांड्या, कुल्ले, लहान मुलांत गालसुद्धा, या तिच्या जागा. बहुधा ती आईबापाकडून येते, वयात येताना वाढते, थंडीत जास्त जाणवते आणि पुढे वयाबरोबर अनेकांची आपोआप कमी होते. तिच्यात जंतू नसतो, त्यामुळे ती शेजारी बसल्याने, एका टॉवेलाने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. आणि ती मळ तर अजिबात नव्हे. मळ साबणाने निघतो. हे बूच कातडीच्या आतून तयार होते, वरून कितीही घासले तरी पुन्हा बसते, उलट कातडी सोलली की ती आणखी जाड आणि काळपट होते.

आपल्या घरांत मळाचा एवढा धसका का, याचा विचार मी त्या बाकावर बसून केला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके लुगडे नेसायला, अस्पृश्यतेची खूण असलेले जड दागिने टाकून द्यायला आणि स्वच्छ राहायला सांगितले. आपल्या आज्यांनी ते शब्दशः पाळले. माझी आजी पाण्याच्या दोन हंड्यांत चार पोरांना अशी घासून काढायची की आम्ही रडत बाहेर यायचो. शाळेत आमच्या पोरांना कोणी घाणेरडे म्हणू नये, हा त्यामागचा हट्ट. त्या हट्टाचा मला अभिमानच आहे. पण बाबासाहेबांनी स्वाभिमान सांगितला होता, कातडी सोलायला सांगितले नव्हते. जिच्या अंगावर मळ नाही तिला रोज मळकट ठरवून घासायचे, यात पोरीच्या मनाला काय शिकवले जाते?

दुसरी गोष्ट त्या बाक सोडून जाणाऱ्या मुलीची. स्पर्श टाळणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. धम्मपदाच्या अट्ठकथेत तिस्स नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याच्या अंगावर आधी मोहरीएवढ्या पुळ्या उठल्या, त्या वाढत जाऊन फुटल्या आणि सर्व अंगाला दुर्गंधी येऊ लागली. सोबतचे भिक्खू त्याला टाकून गेले. तेव्हा भगवान बुद्धांनी स्वतः पाणी तापवले, त्याची चीवरे धुववून घेतली आणि त्याला आंघोळ घातली. तिस्साचा रोग तर भयंकर होता. इथे नुसती खरखर आहे, आणि तिच्यासाठी एक पोर एकटी बसते.

मागच्या जन्मीचे पाप, कोणाची करणी, देवीचा कोप, असे सांगणारे अजून भेटतात. त्या अंगारेवाल्यांवर या लेखात जागा घालवत नाही. मागील जन्मीच्या कर्माचे गाठोडे या जन्मी कातडीवर फुटते, ही शिकवण बुद्धांची नव्हे, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुरेसे स्पष्ट केले आहे.

आता घरी काय करायचे ते सांगते. डॉक्टर बाईंनी सांगितले त्यात महागाचे जवळजवळ काहीच नव्हते.

पहिले म्हणजे वजरी, घासणीचा दगड, काथ्या हे सर्व फक्त टाचांसाठी. दंडाला जुन्या साडीचा मऊ तुकडा पुरे. कढत पाण्याने आंघोळ करू नये. थंडीत बरे वाटते, पण कातडीचे तेल निघून जाते. कोमट पाणी, आणि पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकावी. साबण सर्वांगाला रोज चोपडायची गरज नाही. काखा, जांघा, पाय आणि जिथे घाम-मळ खरोखर असतो तिथे लावावा. साबण अल्कधर्मी असतो, कातडी किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे जादा साबणाने ती कोरडीठाक पडते. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी येते त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि त्याची पांढरी साय अंगावरच राहते. पिण्याचे गोडे पाणी थोडे जास्त असेल तर शेवटचा एक तांब्या त्याचा घ्यावा.

दुसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, तेल कधी लावायचे. आपण अंग कोरडे करतो, कपडे घालतो आणि मग आठवण झाली तर तेल लावतो. त्याचा उपयोग थोडा. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग नुसते टिपून घ्यावे आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, ओलसर असतानाच, साध्या खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. वासाचे केसांचे तेल नको. खोबरेल चालत नसेल तर व्हॅसलीन. रात्री झोपताना पुन्हा एकदा. ज्यांच्या चेहऱ्यावर किंवा पाठीवर मुरूम आहेत त्यांनी तिथे तेल लावू नये. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी आपल्याला कर्तव्य नाही, पण तेवढ्यासाठी तेलाशी वैर धरणाऱ्या एक-दोन आक्का माझ्या पाहण्यात आहेत. तेलाला धर्म नसतो.

तिसरे, आठवड्यातून एक-दोनदा बारीक बेसन किंवा मसुरीचे पीठ दह्यात कालवून हलक्या हाताने लावावे आणि दहा मिनिटांत धुऊन टाकावे. दह्यात लॅक्टिक आम्ल असते आणि ते जाड थर थोडा मऊ करते. थोडाच, फार अपेक्षा नको. हेच आम्ल जास्त प्रमाणात असलेले मलम, किंवा युरिया असलेले मलम, डॉक्टर लिहून देतात आणि त्याचा गुण अधिक येतो. युरिया हे नाव ऐकून कोणी शेतातले खत आणून चोळू नये. हे विनोदाने लिहीत नाही, मला तसे विचारले गेले आहे. कोरफडीचा गर लावायचा तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहावा, खाज सुटली तर नको.

मोबाईलवरच्या व्हिडिओत लिंबू आणि खाण्याचा सोडा सांगतात, ते करू नये. सोडा साबणापेक्षा वेगळे काही करत नाही आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. टूथपेस्ट, साखरेचे खडे, मीठ, हेही त्यातलेच.

हे सर्व करून खरखर मुळासकट जात नाही. महिना-दोन महिन्यांत हात मऊ लागतो, लाली उतरते, आणि सोडून दिले की पुन्हा येते. दात घासण्यासारखे ते रोजचे काम आहे. जो कोणी सात दिवसांत समूळ नायनाट म्हणेल त्याला पैसे देऊ नयेत.

पण प्रत्येक खरखर अशी निरुपद्रवी नसते. लहान मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर काट्यासारखे टणक, टोकदार पुरळ उठतात. त्याला फ्रिनोडर्मा म्हणतात, म्हणजे बेडकासारखी कातडी. १९३३ साली निकोल्स नावाच्या डॉक्टरांनी हे नाव वापरले. हा रोग पोटाचा आहे. अन्नात आवश्यक स्निग्धांश, अ आणि ब गटातील जीवनसत्त्वे, प्रथिने कमी पडली की तो होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर काम झालेले आहे. अशा मुलाला वरून कितीही तेल चोळा, ते तेल पोटात जायला हवे. आपल्या मराठवाड्याची आणि सोलापूरकडची करडई आठवते ना? तिच्या साध्या वाणाच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते, आणि कातडीला हवे असलेले स्निग्धांश ते हेच. गावाकडून घाण्याचे तेल येत असेल तर त्याला गावंढळ म्हणून नाके मुरडू नका. जवसाची, कारळाची, तिळाची चटणी, मूठभर शेंगदाणे, डाळ, अंडे, सुके बोंबील, शेवग्याचा पाला, माठ, चाकवत, लाल भोपळा, पपई, हे आलटून पालटून मुलाच्या ताटात यावे. पालेभाजीत चमचाभर तेल हवेच, नाहीतर तिच्यातले जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मूल संध्याकाळी अंधार पडताच चाचपडू लागले, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी केंद्रावर मोफत पाजतात. एकूण नऊ डोस होतात, कार्डावर मोजून पाहा. गरोदर बाईने मात्र या जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत.

आता त्या ट्यूबविषयी. आमच्याच वस्तीत लग्न ठरलेल्या एका मुलीने चेहऱ्यावरची खरखर जावी आणि रंग उजळावा म्हणून मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा तुकतुकीत. सर्व खूश. चार महिन्यांनी लग्न झाले, ट्यूब थांबली, आणि चेहरा लालबुंद होऊन पुळ्यांनी भरला. उन्हात गेले की आग, हनुवटीवर लव. सासरी बोलणी बसली ती वेगळीच. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. ही औषधे वाईट नाहीत, डॉक्टर ठराविक रोगाला ठराविक दिवस देतात. पण मनाने महिनोन् महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, गजकर्णावर लावली तर ते दबून आतल्या आत पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असा नियम केला. तरी काउंटरवर काय चालते ते आपण पाहतोच. ट्यूबवर बारीक अक्षरांत बिटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही वाचायला मिळाले तर थांबा. घरातल्या शिकलेल्या पोराला भिंगातून वाचायला लावा, त्याच्या इंग्रजीचा तेवढा तरी उपयोग होईल. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

आणि काही खुणा अशा की घरगुती उपाय बाजूला ठेवून सरळ रुग्णालयात जावे. घरातील दोघा-तिघांना रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, ती खरूज. औषध सर्व कुटुंबाने एकाच दिवशी लावावे लागते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे टोचलेले कळत नाही, किंवा कानाच्या पाळ्या जाड, गाठीदार होत आहेत, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याचे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो. लपवू नये. कोरडेपणाबरोबर थकवा, वजन वाढणे, केस गळणे असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात.

परवा रविवारी वंदनेनंतर त्या वहिनी आणि मुलगी भेटल्या. मुलीच्या दंडावरचे ओरखडे भरून आले आहेत, खरखर थोडी आहेच. वजरी न्हाणीतून निघून मागच्या दाराच्या पायरीवर गेली आहे, टाचांसाठी. खोबरेलाची बाटली आता लवकर संपते, कारण आईही लावू लागली आहे.