यंत्र स्वदेशी, कोड कोणाचा?

जानेवारी २०१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेसचे १०३वे अधिवेशन भरले. ‘स्वदेशी विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान’ हे त्याचे सूत्र होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. १३० कोटींचा खर्च मोठ्या अक्षरांत छापला गेला. त्यांवर चालणारे कोड कोण लिहिणार, याची चर्चा झाली नाही. स्वदेशीची व्याख्या यंत्रापाशीच संपते, असे दिसते.

प्लाझ्माचे उदाहरण घ्यावे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ टोकामाक आहे; फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात भारत भागीदार आहे. या यंत्रांतील प्लाझ्माचे वर्तन केवळ कागदावर सुटत नाही. त्यासाठी सिम्युलेशन कोड लागतात.

यावर ठरलेला आक्षेप असा : ब्रिटनमध्ये घडलेला ‘इपॉक’सारखा कोड खुला असताना नवा कशाला लिहावा? खुला कोड जरूर वापरावा. पण त्याच्या पोटात काय चालते हे जाणणारी माणसे देशात हवीत. ‘पार्टिकल-इन-सेल’ पद्धतीत एक आभासी कण असंख्य खऱ्या कणांचे प्रतिनिधित्व करतो आणि विद्युत्-क्षेत्र जाळीवर मोजले जाते. जाळीची घरे डिबाय लांबीहून फार मोठी ठेवली, तर प्लाझ्मा आपोआप तापू लागतो. ती उष्णता निसर्गाची नसते, गणिती त्रुटीची असते. जाणकार नसेल तर तीच ‘शोध’ म्हणून छापली जाण्याचा धोका असतो.

क्षमता नाही, ही सबबही टिकत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने टोकामाकसाठी ‘जी२सी३’ हा जायरोकायनेटिक कोड उभा केला आहे. उणीव आहे ती व्यवस्थेची. कोड लिहिणे, तपासणे आणि नव्या यंत्रावर नेणे हे वर्षानुवर्षांचे काम. ते पीएचडीच्या विद्यार्थ्यांवर सोपवले जाते आणि पदवीबरोबर ज्ञानही निघून जाते. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. शेकडो जण वापरतील असा कोड मोजला जात नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक महासंगणकाच्या खर्चातील ठरावीक वाटा कोडसाठी राखावा. संशोधन संस्थांत कोड लिहिणाऱ्या वैज्ञानिकांची कायम पदे निर्माण करावीत. सार्वजनिक पैशाने लिहिलेला कोड खुला करून त्याला शोधनिबंधाइतकेच मोल द्यावे. महासंगणक काही वर्षांत जुना होतो. जोपासलेला कोड यंत्रांच्या अनेक पिढ्या पाहतो. तरीही सारा पैसा आणि सारा गौरव यंत्राच्याच वाट्याला येणार असेल, तर ‘स्वदेशी’ हा शब्द उद्घाटनाच्या फितीपुरताच उरेल.