उटण्याची वाटी आणि सहलीचा डबा

तरुण मुलींच्या आया भेटल्या की दोन प्रश्न हमखास येतात. "हिच्या तोंडावर डाग पडलेत, काय लावू?" हा पहिला. दुसरा जरा आवाज खाली करून, "रंग उजळेल असं काही आहे का हो? यंदा स्थळं बघायचीत." मुलगी शेजारीच उभी असते, ओढणीशी चाळा करत. तिचा दिवस कसा जातो, ती घराबाहेर शेवटची कधी पडली होती, हे मात्र कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, आज मला त्या दुसऱ्या गोष्टीबद्दलच बोलायचंय. पण आधी वाटी आणि डब्या उरकून घेऊ, नाहीतर तुम्ही पान उलटाल!

किनवटला राहणाऱ्या मुलीनं नैसर्गिक प्रसाधनं पाकिटातून विकत घ्यावीत, याचं मला हसू येतं. बाजूला एवढं जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये गोंड, कोलाम, आंध बाया पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात. पुढे त्याच झाडाच्या बियांचं तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शहरातल्या दुकानात हेच तेल छोट्या बाटलीत भरून, वर इंग्रजी नाव चिकटवून मिळतं. चारोळ्या दुधात वाटून लावायची रीत आपल्या आज्यांची. मसुराच्या डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद, एवढं उटणं रोजच्या वापराला पुरतं. हळद मात्र घरी हळकुंडं आणून दळलेली हवी. सुट्ट्या, फार भडक पिवळ्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, आणि ती पोटात जाऊ नये तशी तोंडालाही लागू नये.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजू नका बरं का. चेहऱ्यावर लिंबू चोळून मराठवाड्याच्या उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखे काळे डाग उठतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. काहीही नवीन लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. आणि स्कूटीवर निघताना पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, त्याला कुणी हसत असेल तर हसू द्या. उन्हापासून वाचायचा तो चांगला आणि स्वस्त उपाय आहे.

खरी भीती वेगळ्याच डब्यांची आहे. गोरं करणारी क्रीम आपल्या देशात १९७५ पासून घरोघरी पोचली. २०२० साली त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव गेलं, हौस राहिली. त्या हौसेपोटी मुली मेडिकलमधून खाज-गजकर्णाची ट्यूब आणतात, कारण "तिनं मैत्रिणीचा चेहरा आठ दिवसांत उजळला". त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. आठ दिवस उजळतं हे खरं, पण पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, हनुवटीवर लव येते, आणि ट्यूब सोडली की आग आग होते. २०१८ पासून अशी कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. चिठ्ठी न मागता कुणी हातात ठेवली तर त्याला उपकार समजू नका.

त्याहून वाईट म्हणजे बिननावाची, ब्युटीपार्लरमध्ये सुट्टी मिळणारी क्रीम. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली अशी क्रीम लावत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा निघाला. क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा असू नये असा नियम आहे, आणि त्या डबीत तो कितीतरी पट होता. अकोला आपल्यापासून काही फार लांब नाही.

आणि रंग, रंग म्हणून जो शोध चाललेला असतो, त्यात पोरीच्या ओठांचा आणि पापण्यांच्या आतला रंग कुणी बघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ती फिकट दिसते, दमते, केस गळतात, आणि आपण तिला फेशियल करायला पाठवतो! आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लिंबू चेहऱ्याला लावण्यापेक्षा तरोट्याच्या भाजीवर पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको.

आता दिवसाचं. आपल्याकडे मुलगी घराबाहेर पडते ती कॉलेजला, क्लासला, लग्नाला किंवा दवाखान्याला. देवाला गेली तर पाच मोठी माणसं बरोबर. पावसाळ्यात भाऊ मित्रांना घेऊन तीन-तीन वेळा सहस्रकुंडाला जाऊन येतो. बहीण त्याच्या मोबाईलवर धबधबा बघते. तिनं विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "कायला जायलीस उन्हात? काळी पडशील." पाऊस असला तरी उत्तर तेच! मला याचा राग येतो. हजार रुपयांच्या फेशियलला हो म्हणणारं घर शंभर रुपयांच्या सहलीला नाही म्हणतं, कारण फेशियल स्थळासाठी असतं आणि सहल तिच्यासाठी.

तिला कुठं विमानानं जायचंय? इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून उड्या घेते, तिथं एक दिवस काढायचाय. माहूरगडावर जायचंय, देवी रेणुकेच्या पायऱ्या स्वतःच्या वेगानं चढायच्यात. तिथला तांबूल खाल्ला की ओठ असे रंगतात की लिपस्टिक पर्समध्येच राहावी. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. त्वचेच्या विकाराला गंधकाचं पाणी चांगलं म्हणून लांबून माणसं येतात. जरूर जा, पण अंगावरचा चट्टा बधीर असेल तर झऱ्यावर अवलंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोग असला तरी पूर्ण बरा होतो आणि औषध फुकट मिळतं. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या अर्ध्या तिकिटावर आपण माहेर, बाजार, दवाखाना केला. सहल किती जणींनी केली?

आईची काळजी खोटी नाही, हे मी जाणते. म्हणून चौघी-पाचजणी मिळून जावं, शेवटची गाडी किती वाजता ते आधी विचारून ठेवावं, ११२ नंबर लक्षात असावा. सहस्रकुंडाला कड्याजवळ फोटोसाठी जाऊच नये. शेवाळलेला खडक तर आहेच, शिवाय वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की नदी बघता बघता चढते. एक अडचण मात्र मुलींच्या हातात नाही. आपल्याकडच्या बहुतेक सहलीच्या जागी बायकांसाठी धड संडास नसतो. मग पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. ग्रामपंचायतीत बसणाऱ्या बायांनी हे एक काम अंगावर घ्यावं. पर्यटनाचा फलक रंगवण्याआधी.

बाकी तयारी घरात होते. ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. पाण्याची मोठी बाटली, टोपी किंवा स्कार्फ, पायात चप्पल नको, बूट असावेत. डबा आईनं भरून दिला तर उत्तमच. आणि मग तिला दर तासाला फोन करत बसू नका. तशीही त्या जंगलात रेंज येत-जात असते. संध्याकाळी आली की दारातच "किती काळवंडलीस" म्हणू नका. आधी पाणी द्या, आणि काय काय पाहिलं ते विचारा.