दोरी, ब्लेड आणि सुशिक्षित

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून सह्याद्रीची वाट धरतात. राजमाची, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड ही नावे शनिवारच्या रात्री लोकलच्या डब्यातून ऐकू येतात. ही हौस आम्हांस कौतुकाचीच वाटते. परंतु आपण निघालो त्या डोंगरापासून सर्वांत जवळचा डॉक्टर किती कोसांवर आहे, आणि तो भेटेपर्यंत काय करावयाचे, हे सांगू शकणारा निदान एक गडी त्या मेळाव्यात असतो काय? बहुधा असतो, आणि खरी चिंता त्याचीच आहे. साप चावला तर काय कराल, असे त्यास विचारले, की क्षणाचाही विलंब न लावता तो सांगतो: वर दोरी आवळावी, ब्लेडने चीर द्यावी आणि विष चोखून थुंकावे. हे ज्ञान कोणी जुन्या पुस्तकातून उचललेले असते, कोणी चित्रपटातून. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि तिन्ही घातक आहेत.

दोरीने विषाचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही. तुटतो तो रक्तपुरवठा. घोणस आणि फुरसे यांचे विष मुळातच दंशाभोवतीचे मांस नासवणारे. त्यावर फास आवळला, की पुढे हात किंवा पाय कापण्याची पाळी येऊ शकते; आणि तोच फास रुग्णालयात एकाएकी सोडला, तर रोगी तेथेच कोसळण्याचे भय असते. ब्लेडची कथा याहून वाईट. घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच नष्ट करते. म्हणून तर कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही, एवढ्या साध्या कसोटीवर डॉक्टर विष भिनल्याचे ताडतात. ज्याचे रक्त गोठतच नाही, त्यास आपण होऊन जखम करणे याला उपचार म्हणावयाचे काय? राहिले चोखणे. त्याने विष बाहेर येत नाही, वेळ मात्र जातो.

हेच सुशिक्षित लोक खेड्यातल्या मांत्रिकास हसतात. हसण्यापूर्वी त्याचे यश कशावर चालते हे पाहावे. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी. विषारी सापाच्याही प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. तेव्हा मांत्रिकाच्या ओट्यावर आणलेल्यांपैकी पुष्कळजण काहीही न करता वाचणारच होते, आणि त्यांच्या पुण्याईवर त्याची कीर्ती फिरते. दोरी-ब्लेडची कीर्तीही याच भांडवलावर उभी आहे. फरक इतकाच, की मांत्रिकाचा कडुनिंब अंगावरून फिरतो आणि आमच्या पदवीधराचे ब्लेड अंगात शिरते.

हा प्रश्न हौशी गिरिप्रेमींपुरता असता, तर आम्ही तो पहिल्या पानावर घेतला नसता. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. निम्मे मृत्यू पावसाळ्यातले, आणि बहुतेक खेड्यांतल्या घरी झालेले. घरी, हा शब्द ध्यानात घ्यावा.

मग करावयाचे काय? करावयाचे फार थोडे आहे, आणि थोडे आहे म्हणूनच ते कोणास खरे वाटत नाही. रोग्यास धीर द्यावा. चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी सूज चढण्यापूर्वी काढून घ्यावीत. मोडलेल्या हाडास आधार देतात तशी फळी, काठी, काही नसेल तर छत्री लावून तो अवयव हलणार नाही असे करावे. बांधताना मात्र आवळू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि निघावे. सापामागे काठ्या घेऊन धावण्याचे कारण नाही. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष, ज्यास लोक लस म्हणतात, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच चालते. ते घोड्याच्या रक्तापासून तयार होते व त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ते पिशवीत बाळगण्याची वस्तू नव्हे.

मण्यारीविषयी निराळे सांगावयास हवे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. वेदना जवळजवळ नसते; दातांची खूण दिसेलच असेही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि घरची माणसे म्हणतात, अपचन झाले असेल. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी रुग्णालय येईपर्यंत तोंडाने श्वास देता येणारा एक माणूस गाडीत असणे, यावर सारे काही अवलंबून असते. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपले तर हा प्रसंग बहुधा येतच नाही. गडावरच्या देवळात पथारी टाकणाऱ्यांनीही हे विसरू नये.

एवढ्याशा ज्ञानाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी नेपाळकडे पाहावे. तेथील आग्नेय भागात दमक येथील सर्पदंश उपचार केंद्राभोवतीच्या चार गावांत लोकांस या गोष्टी समजावून सांगण्यात आल्या, आणि मोटारसायकल असलेल्या स्वयंसेवकांनी रोग्यास मध्ये बसवून, मागे एकजण धरायला घेऊन, केंद्रावर पोहोचवण्याचे काम पत्करले. दंश झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 10.5 होते, ते 0.5 वर आले. तेथे नवे औषध कोणी शोधले नव्हते.

आमच्याकडे औषधाची आणि बुद्धीची वाण आहे असे नाही. महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी किती गुणकारी आहे हे जगास दाखवून दिले. 2022 मध्ये त्यांस पद्मश्रीही मिळाली. पण गोळी दवाखान्यात आणि रोगी मांत्रिकाच्या ओट्यावर, अशी स्थिती असेल तर पद्मश्री काय करणार? 1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यास शिकलेला माणूस असावा, असे ठरवून दिले. चिखलणीत गुडघाभर उभ्या असलेल्या शेतमजुरासाठी अशी पेटीही नाही आणि असा माणूसही नाही.

सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केली. योजना उत्तम आहे. ती दिल्लीतून वाडीपर्यंत यावयाची, तर आठवी-नववीच्या मुलांस, एसटीच्या चालक-वाहकांस आणि पोलीस पाटलांस वर सांगितलेले सारे हाताने करून दाखवले पाहिजे; भाषणाने भागणार नाही. आणि आणखी एक. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आज शिल्लक आहे हे ठाऊक नसल्यामुळे एका दारातून दुसऱ्या दारी धावण्यात रोग्याचे तास जातात. तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्थानकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या रुग्णालयाचे नाव, अंतर आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली एक पाटी लावावी, आणि साठा संपला तर त्याच दिवशी ती बदलावी. अशा पाटीस किती खर्च येतो, हे आरोग्य खात्याने एकदा जाहीर करावे.